बादलीतला बॅकलॉग

हॉस्टेलवर डासांचा विषय निघाला की प्रत्येकाकडे आपापला उपाय तयार असतो. कुणाची कॉइल, कुणाचं लिक्विड, कुणाची ती चटचट वाजणारी रॅकेट. काही महाभाग तर पंखा पाचवर ठेवून डोक्यावरून चादर ओढणं हाच एकमेव शास्त्रीय उपाय मानतात. या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. हे सगळे रात्रीचे उपाय आहेत. आणि मित्रांनो, नेमकं इथेच आपलं डिझाइन फसलेलं आहे!

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही विषाणू आपल्याकडे मुख्यतः एकाच डासामुळे पसरतात. त्याचं नाव एडिस इजिप्ती. काळपट रंग आणि पायांवर पांढरे पट्टे. हा डास दिवसा चावतो. उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधीचे काही तास, हा त्याचा जोर. म्हणजे आपण बनियनवर, तोंडात ब्रश धरून बाथरूमच्या लाइनीत उभे असतो तेव्हा, आणि कॉलेजवरून येऊन हाफ पँटवर कट्ट्यावर चहा पीत बसतो तेव्हा. रात्री चावतो तो मलेरियाचा ॲनोफिलीस. मलेरिया हा तर विषाणूचा आजारही नाही, तो परजीवीमुळे होतो. थोडक्यात काय, आपण ॲनोफिलीसचा अभ्यास करून एडिसचा पेपर द्यायला जातो. मग निकाल काय लागणार?

दुसरा गैरसमज गटाराचा. 'बाहेरचं गटार साफ करत नाहीत हो, म्हणून डेंग्यू झाला,' असं आपण सर्रास म्हणतो. गटार साफ व्हायलाच हवं, कारण तिथला क्युलेक्स झोपेचं खोबरं करतो आणि हत्तीरोगही पसरवतो. पण एडिसला गटार चालत नाही. त्याला लागतं साठवलेलं, स्थिर आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. बादली, पिंप, झाकण नसलेली टाकी, कूलर, कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवर पडलेलं टायर. शिवाय तो फार लांब उडत नाही. आयुष्यभरात साधारण शे-दोनशे मीटरच्या परिसरात त्याचा संसार आटोपतो. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच हॉस्टेलचा रहिवासी असतो, डे-स्कॉलर नव्हे!

हे काही दूरदेशीचं प्रकरण नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. नंतर तीसेक वर्षं हा आजार जवळजवळ विस्मरणात गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या वर्षी गावंच्या गावं सांधे धरून बसली होती. चिकुनगुन्या हा शब्दच मुळी आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, आणि त्याचा अर्थ वाकवून टाकणारा. जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला आणि जून २०२४ पासून खुद्द पुणे शहरात झिकाचे रुग्ण निघाले. झिका आपल्या वयाच्या मुलामुलींना बहुधा सौम्य वाटतो, पण गरोदर बाईला झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. हॉस्टेलवर काम करणाऱ्या मावशींच्या घरी, आपल्या मॅडमच्या घरी कुणी गरोदर असू शकतं, हे आपल्या बादलीला माहीत नसतं.

आता थोडं गणित करू, नाहीतर इंजिनिअर कशाला म्हणवून घ्यायचं! अंड्यातून पूर्ण वाढलेला डास व्हायला आपल्या हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. एक मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. समजा, हॉस्टेलला १०० खोल्या आहेत आणि खोलीमागे दोन बादल्या. एकूण २०० बादल्या. त्यातल्या फक्त १० बादल्यांतलं पाणी आठवडाभर हललं नाही. कुणी गावाला गेलं, कुणी सबमिशनमध्ये अडकलं. प्रत्येक बादलीत एकाच मादीने अंडी घातली आणि निम्मीच जगली असं धरलं तरी ५०० डास. त्यातल्या निम्म्या माद्या, आणि चावतात फक्त माद्या. म्हणजे १० बादल्यांतून दहा दिवसांत २५० चावणारे डास. १९० बादल्या रोज घासूनपुसून ठेवणाऱ्यांनी काय पाप केलं? काही नाही. तरी चावायचे तेवढे चावणारच.

त्यातही खरी गोम अंड्यात आहे. एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बादलीच्या ओलसर भिंतीला चिकटवते. बादली नुसती उपडी केली तर पाणी जातं, अंडी राहतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. मे महिन्यात वाळलेला कूलर जूनच्या पहिल्या पावसात डास देतो तो असा. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बॅकलॉग आहे. या सेमिस्टरला दुर्लक्ष केलं की पुढच्या सेमिस्टरला आपोआप पुढे येतो. म्हणून बादली ओतणं पुरेसं नाही, ब्रशने आतून घासणं गरजेचं. आरोग्य खातं 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' म्हणून सांगतं, तेव्हा आपण भिंतीवरच्या घोषणेसारखं वाचून पुढे जातो. पण त्या एका आठवड्यामागे हे सात दिवसांचं गणित आहे. डासाची सायकल पूर्ण व्हायच्या आत ती तोडायची, बस्स.

इथवर वाचून रेक्टर सर म्हणतील, 'बघा, मी नोटीस लावलीच होती!' लावली होती, सर. 'खोलीत व बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवू नये, अन्यथा दंड करण्यात येईल.' पण मुलं पाणी साठवतात ते हौसेने नाही. ज्या हॉस्टेलला सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर पाणी येतं, तिथे बादली भरून ठेवणं ही चूक नाही, ती गरज आहे. पाणी साठवू नका आणि पाणी चोवीस तास मिळणारही नाही, या दोन नोटिसा एकाच फलकावर लावून डास जाणार नाही. याबाबतीत मला जे म्हणायचं आहे ते स्पष्टच म्हणतो. डेंग्यू हा हॉस्टेलवर आधी पाणीपुरवठ्याचा प्रश्न आहे, मग सवयींचा, आणि औषधांचा सर्वांत शेवटी.

हे माझ्या मनाचं नाही. याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच क्षेत्रातला आहे. पनामा कालवा आपण सगळ्यांनी एक इंजिनिअरिंगचा चमत्कार म्हणून वाचलेला असतो. तो आधी फ्रेंचांनी खणायला घेतला होता, १८८१ मध्ये. नेतृत्व फर्डिनांड द लेसेप्स यांचं, म्हणजे ज्यांनी सुएझ कालवा पुरा केला तेच. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. तोवर सुमारे २२ हजार माणसं गेली असावीत असा अंदाज आहे, आणि त्यात मोठा वाटा पीतज्वर आणि मलेरियाचा. पीतज्वर हाही विषाणूचा आजार आणि तो पसरवणारा डास कोणता? हाच आपला एडिस इजिप्ती! गंमत म्हणा की शोकांतिका, फ्रेंचांच्या दवाखान्यात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत आणि बागेतल्या झाडांभोवती पाण्याची कडी असत. म्हणजे दवाखान्यातच डासांची पैदास. त्यांनाही वाटे, रोग घाणीतून आणि खराब हवेतून येतो.

डासामुळे पीतज्वर होतो असं क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ मध्येच सांगत होते, पण ते प्रयोगाने सिद्ध झालं १९०० मध्ये, वॉल्टर रीड यांच्या पथकाकडून. १९०४ मध्ये अमेरिकेने कालव्याचं काम हाती घेतलं तेव्हा डॉक्टर विल्यम गॉर्गस आरोग्याचे प्रमुख होते. सुरुवातीला त्यांना कुणी फारसं विचारत नव्हतं. १९०५ मध्ये जॉन स्टीव्हन्स मुख्य अभियंता म्हणून आले आणि त्यांनी गॉर्गस यांना हवी ती माणसं आणि हवं ते सामान दिलं. घरोघर तपासणी झाली, खिडक्यांना जाळ्या लागल्या, धुरीही झाली. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. पनामा शहरात नळाने पाणी आलं. नळ आला तशी दारोदारची पिंपं आणि उघडे हौद यांची गरजच संपली. १९०५ सालच्या अखेरीस शहरातला पीतज्वर थांबला आणि १९१४ मध्ये कालवा खुला झाला. डॉक्टरने निदान केलं, पण ते अमलात आणलं इंजिनिअरने. आपल्या कॉलेजात स्थापत्य, यंत्र, विद्युत अशा सगळ्या शाखा आहेत आणि टाकीला झाकण नाही, याला काय म्हणावं?

मग दरवर्षी होतं काय? विंगमध्ये चार जण आजारी पडले की महापालिकेची धुराची गाडी येते. घर्रर्र आवाज, पांढरा धूर, पोरं फोटो काढतात, सगळ्यांना काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं. हा धूर त्या वेळी उडत असलेल्या डासांना मारतो, तेवढंच. पाण्यातल्या अळीला आणि भिंतीला चिकटलेल्या अंड्याला त्याने काहीही होत नाही. एडिस तर पलंगाखाली, दारामागे लटकवलेल्या पँटींच्या आड, अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेला असतो, आणि धूर आला की आपण खिडक्या लावून घेतो. साथ आली असताना रुग्णाच्या आसपास धुराचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण तो उपाय परीक्षेच्या आदल्या रात्री मारलेल्या रट्ट्यासारखा. पास कदाचित करेल, विषय येणार नाही. कॉइलचंही तसंच. बंद खोलीत एक कॉइल जळली की तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. डास दिवसाचा आणि धूर रात्रभर, हा कुठला हिशोब?

स्थापत्यवाल्यांनो, आपल्यासाठी एक खास मुद्दा. कॅम्पसवर बांधकाम सुरू असतं तेव्हा आपण स्लॅबवर पाणी साठवून क्युरिंग करतो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस क्युरिंग हवं, हे आयएस ४५६ मध्ये आपण पाठ केलेलं आहे. आणि डासाला लागतात ७ ते १० दिवस! म्हणजे आपला स्लॅब आणि त्याची पोरं एकदमच तयार होतात. लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी आणि मजुरांची उघडी पिंपं ही तर महिनोन् महिने तशीच असतात. सगळ्यात आधी चावे खातात ते साइटवर राहणारे मजूर आणि त्यांची लेकरं. साइट व्हिजिटच्या जर्नलमध्ये हे कुठेच लिहायला लावत नाहीत. लावायला हवं.

आता आजाराबद्दल, कारण काळजी घेऊनही कुणी ना कुणी आजारी पडतंच. अचानक चढलेला ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून येणं, ही लक्षणं दिसली की 'व्हायरल आहे, जाईल' म्हणून झोपून राहू नये. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन ही रक्ताची तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम. तापासाठी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायचं. ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या रूम पार्टनरच्या डब्यातून काढून गिळायच्या नाहीत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि भरपूर पाणी, पेज, ओआरएस, लिंबू सरबत.

पण खरा धोका आहे तो ताप उतरताना. गेल्या सप्टेंबरात आमच्या विंगमधल्या एका मित्राचा ताप पाचव्या दिवशी उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. तो दिवसभर पडून होता. दोन-तीनदा उलटी झाली, पोट खूप दुखतंय म्हणाला. ॲसिडिटी असेल, असं त्याच्या खोलीत ठरलं. संध्याकाळी मेसचे काका पेज घेऊन गेले, त्यांना त्याचे हातपाय गार लागले आणि त्यांनी कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. पाच दिवस ॲडमिट राहून तो सुखरूप परत आला. काकांनी कुठला कोर्स केलेला नाही. त्यांनी गावाकडे हे आधी पाहिलं होतं, इतकंच. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरत असतानाच, काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो. रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं किंवा उगाच अस्वस्थ होणं, हातपाय गार पडणं, पाच-सहा तास लघवीच न होणं, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना. त्या वेळी थर्मामीटर नॉर्मल दाखवत असला तरी. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत बसू नये आणि पपईच्या पानांच्या रसावर विसंबून तर मुळीच राहू नये. ज्याला आधी एकदा डेंग्यू झालाय त्याने जास्त जपावं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार गाठला तर आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता असते.

आणखी एक हिशोब लक्षात ठेवा. आजारी माणसाला चावलेला डास लगेच रोग पसरवू शकत नाही, विषाणू त्याच्यात तयार व्हायला ८ ते १२ दिवस जातात. मग त्याने चावलेल्या माणसाला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस. म्हणजे विंगमध्ये पहिला रुग्ण सापडल्यावर त्याच्यापासून लागण झालेली पुढची खेप यायला साधारण १२ ते २२ दिवस असतात. ही आपली डेडलाइन! आणि पहिल्या रुग्णाला मच्छरदाणी द्यायची ती त्याच्यासाठी नाही, इतरांसाठी. तापाच्या दिवसांत डास त्याला चावलाच नाही, तर पुढची साखळीच सुरू होत नाही.

पुढेमागे आणखी उपाय येतील. वोल्बाकिया नावाचा जिवाणू शरीरात असलेले एडिस सोडल्यावर इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी झालं, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. भारतात डेंग्यूच्या देशी लशीची मोठी चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. अभिमानाच्या गोष्टी आहेत. पण पुढच्या ऑगस्टमध्ये फर्स्ट इयरची पोरं राहायला येतील, त्यांना त्याआधी झाकण हवंय.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. कॉलेजने गच्चीवरच्या सगळ्या टाक्यांना घट्ट झाकणं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपांना जाळ्या बसवाव्यात. पाण्याच्या वेळा वाढवाव्यात, आणि तोवर प्रत्येक बादलीला झाकण द्यावं. खिडक्यांना जाळी लावावी, तिचा खर्च दरवर्षीच्या फवारणीपेक्षा लांबचा आहे. सुट्टीत खोली बंद करताना बादली घासून उपडी ठेवली की नाही हे किल्ली जमा करतानाच बघावं. रेक्टर ऑफिसात तापाचं एक रजिस्टर असावं, म्हणजे कोणत्या विंगमध्ये कोण कितव्या दिवसावर आहे ते कळेल. आणि आपण? रविवारी सकाळी वीस मिनिटं. प्रत्येक मजल्यावर दर आठवड्याला दोघांची पाळी. बादल्या, कूलर, कुंड्या, गच्ची. मावशींवर हे काम ढकलायचं नाही, बादली आपली आहे. दिवसा अंगभर कपडे, आणि ओडोमॉस लावायचं तर रात्री नव्हे, सकाळी लेक्चरला जाताना.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा डेंग्यूचा मोसम आणि तोच आपल्या सेमिस्टरचा ऐन मध्य. तापानंतरचा अशक्तपणा दोन-तीन आठवडे सोडत नाही, त्यात प्रॅक्टिकल बुडतात, टर्म वर्क अडकतं आणि घरी आई-बाबांचा जीव टांगणीला. एका बादलीसाठी एवढं सगळं कशाला?

हे वाचून झालं की मोबाइलचा टॉर्च लावून आपल्या बादलीत एकदा बघा. काही वळवळताना दिसलं तर ते पाणी मोरीत ओतू नका, बाहेर कोरड्या मातीवर, उन्हात ओता. मग ब्रश घ्या आणि पाण्याच्या रेषेच्या वरचा भाग चांगला खरवडून घासा. शेजारच्या खोलीचं दार बंद असेल, तर ठोठवा.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी